म्हातारा ट्रॅक्टर, पक्की मांड

सांगोल्याकडचा हा माळ. वर वीतभर माती, खाली मुरूम, आणि सपाट तुकडा शोधून सापडायचा नाही. इथे अजून कामाला जुंपलेला आहे स्वराज ७२४. १९७४ साली मोहालीतून बाहेर पडलेलं हे मॉडेल, ताकद २६ हॉर्सपॉवरच्या आसपास. इंजिन ठणठणीत. पण अंग उंच आणि चाकांमधलं अंतर कमी, म्हणून उतारावर कलंडायची भीती.

पुढचा एक्सल, म्हणजे दोन चाकं जोडणारा आडवा दांडा, बघा. मधल्या एकाच पिनवर झुलतो. ट्रॅक्टर दिसतो चार चाकांवर, तोलला जातो तीन टेकूंवर: मागची दोन चाकं आणि ही पिन. म्हणून पुढचा एक्सल लांबवून आडव्या उतारावर फारसं हाती लागत नाही. रुंदी वाढवायची ती मागे.

पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड, मागे जॅक, शेजारी लाकडी ठोकळे. नुसत्या जॅकच्या भरवशावर चाक उतरवायचं नाही. डिस्क, म्हणजे चाकाची मधली तबकडी, बशीसारखी खोलगट असते. ती उलटवली, रिमचे कान (डिस्क जिथे बोल्टने बसते ते तुकडे) दुसऱ्या बाजूने धरले, की दर बदलाला अंतर साधारण ४ इंचांनी वाढतं. अख्खं चाक उलटवायचं असेल तर डावं उजवीकडे न्या आणि उजवं डावीकडे, नाहीतर टायरवरचा बाण उलटा पडतो आणि नक्षी माती धरत नाही. नट समोरासमोरचे आवळायचे. तासभर काम झालं की पुन्हा एकदा. हा दुसरा फेरा टाळला की नट सैल पडतात आणि डिस्कची भोकं लांबट होतात. अगदी टोकाची रुंदीही नको: बेअरिंगवर भार येतो, शिवाय डाळिंबाच्या ओळीत टायर फांद्यांना घासतो.

आता वजन खाली आणायला मागच्या टायरमध्ये पाणी. व्हॉल्व घड्याळातल्या १२ च्या जागी आणा आणि पाणी तिथवर चढू द्या. टायर पाऊण भरतो. १२.४-२८ मापाच्या टायरमध्ये साधारण १५० लिटर, दोन्ही मिळून ३०० किलो, आणि तेही जमिनीलगत. थंड मुलखात पाणी गोठू नये म्हणून कॅल्शियम क्लोराइड घालतात. सोलापूरच्या उन्हात ती भानगड कशाला? काठोकाठ मात्र भरू नका, गचके थेट एक्सलला बसतात. हवा दोन्हीकडे सारखी. उताराच्या खालच्या बाजूचा टायर मऊ पडला की मिळवलेली रुंदी वाया.

चढाला नाक उचलत असेल तर वजन पुढे, बंपरवर. ओढायचं ते ड्रॉबारलाच, म्हणजे मागच्या खालच्या ओढपट्टीला. टॉप लिंकच्या, म्हणजे अवजाराच्या वरच्या दांड्याच्या जागी साखळी अडकवली की ट्रॅक्टर मागे उलटतो. उतरताना गिअर खालचा, डाव्या-उजव्या ब्रेकचे दोन्ही पेडल एकत्र जोडलेले.

आणि हे उन्हाचं छत पलटीत चेपतं. त्यासाठी रोल-बार (चालकाभोवतीची मजबूत लोखंडी कमान) आणि सीटचा पट्टाच लागतो.