शेवटच्या ओळीतले अठरा आकडे

नमस्कार श्रोतेहो.

परवा शेजारच्या मावशी फोन घेऊन आल्या. निवृत्त शिक्षिका, चष्मा कायम कपाळावर. म्हणाल्या, "हे बघ रे, आमच्या ग्रुपवर जीआर आलाय. खरा आहे का?"

जीआरचे, म्हणजे शासन निर्णयाच्या कागदाचे, फोटो होते. वर राजमुद्रा, विभागाचं नाव, मंत्रालय, मुंबई, आणि तारीख गेल्याच आठवड्यातली. भाषाही अस्सल सरकारी. म्हटलं, मावशी, शेवटचं पान आहे का? होतं. तळाशी ते ठरलेलं वाक्य: सदर शासन निर्णय शासनाच्या संकेतस्थळावर उपलब्ध करण्यात आला असून त्याचा संकेतांक अमुक असा आहे. अठरा आकडे. पहिले आठ मी त्यांनाच मोठ्यानं वाचायला लावले. पहिले चार म्हणजे साल, मग दोन महिन्याचे, मग दोन दिवसाचे. मावशींनी चष्मा खाली ओढला. "अरे, हे तर २०१७!"

कुणीतरी जुना जीआर उचलला, डोक्यावरची तारीख बदलली आणि शेपूट तसंच ठेवलं. पुढचा भामटा कदाचित शेपूटही बदलेल. म्हणून तो आकडा शासनाच्या संकेतस्थळावर टाकून मूळ कागद काढायचा. पत्ता सावकाश सांगतो, लिहून घ्या: जीआर डॉट महाराष्ट्र डॉट जीओव्ही डॉट इन. फोटोवर भरवसा नाही; जो कागद तिथून उघडतो, तो जीआर.

पत्त्याचंही एक आहे. लोक 'जीओव्ही' ही अक्षरं दिसली की निर्धास्त होतात. बघायचं असतं ते, सुरुवातीचं 'एचटीटीपीएस' आणि त्याला जोडलेल्या दोन तिरप्या रेघा सोडून, पुढच्या पहिल्या तिरप्या रेघेच्या लगेच आधी काय आहे ते. तिथे 'डॉट जीओव्ही डॉट इन' हवं. त्याच्यापुढे आणखी एक टिंब आणि 'कॉम' असेल, किंवा टिंबाच्या जागी आडवी रेघ असेल, तर ते दुकान दुसऱ्याच कुणाचं तरी आहे. मोफत लॅपटॉपच्या नावाखाली आधार क्रमांक मागणारी पानं अशाच पाट्या लावून बसतात.

आता कागद खरा निघाला. तो वाचायचा कसा? जीआरचं वाक्य सुरू होतं तेव्हा सकाळ असते, क्रियापद येईपर्यंत दुपार होते. आणि सगळी मेख त्या क्रियापदात. 'अनुज्ञेय राहील' की 'अनुज्ञेय राहणार नाही', म्हणजे मिळेल की मिळणार नाही, हे आठव्या ओळीत कळतं. मी तर आधी वाक्याचा शेवट वाचतो, मग वर जातो. शाळेत असं वाचलं असतं तर मावशींनी कान पिळला असता.

विषयाखाली 'वाचा' किंवा 'संदर्भ' असं लिहून जुन्या कागदांची यादी असते. बहुतेक जण ती ओलांडून पुढे जातात, पण हा जीआर कोणत्या जीआरच्या पाठीवर बसलाय, ते तिथेच कळतं. लाडकी बहीण योजनेचं आठवतंय? पहिला शासन निर्णय २८ जून २०२४ चा. वय २१ ते ६०, अर्जाची मुदत १५ जुलैपर्यंत. अधिवास दाखल्यासाठी सेतू केंद्रांपुढे रांगा लागल्या. आठवडाही उलटला नाही, तोच ३ जुलैचा निर्णय आला. वयाची मर्यादा ६५ झाली, मुदत ३१ ऑगस्टपर्यंत गेली, आणि दाखला नसेल तर पंधरा वर्षांपूर्वीचं रेशनकार्ड किंवा मतदार ओळखपत्र चालेल असं ठरलं. २८ जूनचा कागद शंभर टक्के खरा होता, फक्त शिळा झाला होता. त्याच्या भरवशावर एखादी ६२ वर्षांची बाई घरी बसली असेल, तर तिला कुणी खोटं सांगितलं नव्हतं. नवं सांगितलं नव्हतं, इतकंच. म्हणून एक जीआर सापडला की त्याच विषयावर नंतर शुद्धिपत्रक, पूरकपत्र काही निघालंय का, तेही शोधायचं.

बातमीत 'निर्णय झाला' असं ऐकलं की मी विचारतो, कुठवर झाला? मंत्रिमंडळाच्या बैठकीत झाला, तर जीआर निघायचाय. विधेयक मांडलं, तर दोन्ही सभागृहं, राज्यपालांची किंवा राष्ट्रपतींची संमती आणि राजपत्र, म्हणजे सरकारी गॅझेट, एवढं अंतर बाकी आहे. राजपत्रात छापून आलं तरी सगळी कलमं त्याच दिवशी लागू होतील असं नाही. माहितीच्या अधिकाराच्या कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली १५ जून २००५ ला. काही कलमं लगेच लागू झाली, पण संपूर्ण कायदा अमलात आला तो १२ ऑक्टोबरला.

हे सगळं ऐकून कुणी म्हणेल, म्हणजे सरकार सांगेल तेच खरं का? नाही हो. सरकारचा आदेश काय आहे, हे सरकारी कागदावरूनच कळतं. आदेशाप्रमाणे रस्ता झाला की नाही, हे रस्त्यावर जाऊनच कळतं. पत्र सूचना कार्यालयाचं, म्हणजे पीआयबीचं, फॅक्ट चेक पथक २०१९ पासून केंद्र सरकारविषयीच्या अफवा खोडून काढतं आणि ते उपयोगीही पडतं. पण केंद्राच्या कामकाजाबद्दल खोटं काय ते सरकारी पथकानंच ठरवायचं, अशी २०२३ ची नियमदुरुस्ती मुंबई उच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द केली. माझ्या मते बरंच झालं.

आणि जो कागद संकेतस्थळावर नाहीच, त्याचं काय? माहिती अधिकाराचं कलम चार काढून बघा. कुणी न मागता सरकारी कार्यालयांनी काय काय जाहीर करायचं, याची सतरा बाबींची यादीच त्यात दिली आहे. त्यातलं दिसलं नाही तर दहा रुपये भरून अर्ज करा, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

मावशींनी त्या रात्री ग्रुपवर लिहिलं, 'तारीख खोटी आहे. शेवटच्या ओळीतला संकेतांक वाचा.' उत्तरादाखल सात नमस्कार आणि एक गुलाबाचं फूल आलं. सकाळी तोच जीआर त्यांना भिशीच्या ग्रुपवर पुन्हा आला. खाली लिहिलं होतं, 'खात्रीशीर'.

नमस्कार.