सूर्याच्या पोटातला आवाज

(दृश्य: उदयपूर, सकाळ. एक मालवाहू कंटेनर, बाहेर सूर्याच्या मागे वळणारे आरसे)

या कंटेनरमधली दुर्बीण सूर्याचा आवाज बघते. हो, बघते. हा आवाज पोकळी ओलांडून आपल्यापर्यंत येऊच शकत नाही.

सूर्याचा पृष्ठभाग साधारण पाच-पाच मिनिटांच्या ठेक्यात वरखाली होतो. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट लेटन यांनी ते १९६० च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या माउंट विल्सन वेधशाळेतून टिपलं. कारण उलगडायला आणखी दहाएक वर्षं गेली. ध्वनिलहरी सूर्याच्या आत कोंडलेल्या असतात. खोल, तापलेल्या थरांत त्यांचा वेग वाढतो, तशा त्या वळतात आणि परत वर येऊन धडकतात. ही हालचाल प्रकाशातून दिसते: पृष्ठभाग आपल्याकडे सरकला की सूर्यप्रकाशाच्या वर्णपटातली रेषा निळ्याकडे कलते, मागे गेला की तांबड्याकडे. एकेका कंपनाचा वेग सेकंदाला जेमतेम काही सेंटीमीटर!

खरी अडचण रात्रीची. सूर्य मावळला की नोंद तुटते आणि मोजणीत खोट्या वारंवारता, म्हणजे प्रत्यक्षात नसलेले ठेके, घुसतात. म्हणून १९९५ पासून ‘गाँग’ या जगभर पसरलेल्या दुर्बिणींच्या जाळ्याची सहा केंद्रं आळीपाळीने पहारा देतात: कॅलिफोर्निया, हवाई, ऑस्ट्रेलिया, उदयपूर, कॅनरी बेटं आणि चिली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत एच. एम. अंटिया आणि शशिकुमार चित्रे या शास्त्रज्ञांनी याच नोंदींवर मोलाचं काम केलं.

‘गाँग’चे सुरुवातीचे कॅमेरे २५६ बाय २५६ बिंदूंचे (पिक्सेलचे) होते. त्यांत लहान लहरी पुसल्या जात, आणि पृष्ठभागालगतच्या थरांची खबर तर त्याच आणतात. २००१ मध्ये १०२४ बाय १०२४ चे कॅमेरे बसले. २०१० मध्ये झेपावलेल्या ‘एसडीओ’ या नासाच्या सूर्यवेधी यानावरचं उपकरण ४०९६ बाय ४०९६ बिंदूंत दर ४५ सेकंदांनी पृष्ठभागाच्या वेगाचा नकाशा काढतं.

(दृश्य: सूर्याचा छेद, आत वळणाऱ्या लहरी)

या चिकाटीचं सर्वांत मोठं फळ न्यूट्रिनोंच्या कोड्यात मिळालं. न्यूट्रिनो म्हणजे सूर्याच्या गाभ्यातून सुटणारे अतिसूक्ष्म कण. ते अपेक्षेपेक्षा फारच कमी सापडत होते. गाभ्याच्या तापमानाचं गणितच चुकलंय का, अशी शंका होती. लहरींनी आतला ध्वनिवेग सांगितला. गणिताशी फरक अर्ध्या टक्क्याहूनही कमी निघाला. म्हणजे सूर्याचं गणित बरोबर होतं. न्यूट्रिनोच वाटेत रूप बदलतात, हे पुढे कॅनडातल्या सडबरीच्या खाणीतल्या प्रयोगाने दाखवलं.

आज याच लहरींवरून सूर्याच्या पलीकडच्या बाजूचे मोठे डागही ओळखता येतात. डागाच्या चुंबकीय क्षेत्रात शिरलेली लहर काही सेकंद लवकर परतते. सौरवादळं उठवू शकणारा तो डाग फिरून आपल्यासमोर येण्याआधीच उपग्रह सांभाळणाऱ्यांना त्याची वर्दी मिळते.