सोर्सचं वय
(निवेदन)

(दृश्य : शिरोली एमआयडीसी, रात्रपाळी. भट्टीतून लेडलमध्ये उतरणारा रस.)

कोल्हापूरची फाउंड्री म्हटलं की कॅमेरा आधी इथंच वळतो. आमचाही वळला. सोळाशे अंशांचा पोलादाचा रस, ठिणग्या, मोल्डच्या तोंडाशी उभी माणसं. बघत राहावं असंच आहे. पण आपली गोष्ट हे ओतकाम थंड झाल्यावर, वाळू झाडून झाल्यावर सुरू होते.

(दृश्य : व्हॉल्व्हचं कास्टिंग. त्यावर फिरणारा हात.)

बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या या कास्टिंगच्या पोटात एखादा ब्लो होल, म्हणजे वायूची पोकळी, राहून गेला असेल, तर तो पुढं वाफेच्या दाबाखाली आपलं अस्तित्व दाखवेल. कापून बघावं, तर माल गेला. म्हणून न कापता आत बघायचं.

(दृश्य : पिवळी पेटी. क्रँक, केबल, नळी.)

याला इथं कॅमेरा म्हणतात. भिंग नाही, बटण नाही. आत एक कॅप्सूल, तांदळाच्या दाण्याएवढा ऐवज, त्यात इरिडियम-१९२, किरण सोडणारा धातू. कामगारांच्या तोंडी नुसता ‘सोर्स’. त्याच्याभोवतीची ढाल बहुतेक कॅमेऱ्यांत युरेनियमची असते. दचकू नका, हे युरेनियम शिशाहूनही जड, म्हणून किरण अडवायला नामी.

आता नीट बघा. कास्टिंगच्या मागं फिल्म चिकटवली. दोरी बांधली, लाल दिवा लागला, सगळे बाहेर. लांब उभा राहून ऑपरेटर क्रँक फिरवतो. नळीतून सोर्स पुढं सरकतो आणि हातातलं मीटर कडकडायला लागतं. अंतर दुप्पट केलं की किरणांची मात्रा चौथाईवर येते, म्हणून केबल एवढी लांब.

(दृश्य : फळ्यावरची आकृती.)

त्या दाण्यात काय चाललंय? इरिडियम-१९२ च्या अणुकेंद्रात ७७ प्रोटॉन आणि ११५ न्यूट्रॉन. ही मोट टिकणारी नाही. बहुतेक वेळा एका न्यूट्रॉनचा प्रोटॉन होतो आणि एक इलेक्ट्रॉन बाहेर फेकला जातो. हा बीटा कण. तो कॅप्सूलच्या धातूतच अडकतो. उरलेली ऊर्जा केंद्र गॅमा किरणांच्या रूपानं टाकून देतं, आणि हे किरण काही सेंटीमीटर पोलाद ओलांडून फिल्मवर पोचतात. जिथं पोकळी, तिथं ते जास्त पोचतात आणि फिल्म जास्त काळी पडते.

केंद्रात आता ७८ प्रोटॉन झाले, म्हणजे ते प्लॅटिनम झालं. पण गुजरीतल्या सराफांनी लगेच तराजू काढू नये. हिशोब मिलिग्रॅमचा आहे.

(दृश्य : शिवाजी पेठेतली शाळा. फरशीवर उधळलेली नाणी, ओरडणारी मुलं.)

हा खेळ आमच्या विज्ञान गटाचा, आणि तो आम्ही शाळा-शाळांतून खेळत राहणार. पिशवीभर नाणी उधळायची. छापा पडला ते नाणं बाद. उरलेली पुन्हा उधळायची. कुठलं नाणं कधी बाद होईल, कुणाच्या बापाला सांगता येणार नाही. पण दर खेपेला साधारण निम्मी कमी होतात, हे पाचवीतलं पोरगंही सांगतं. अणूंचं तसंच. एकटा अणू आत्ता फुटेल किंवा शंभर वर्षांनी. अणू कोट्यवधी झाले, की घड्याळ लावावं इतके शिस्तीत. निम्मे अणू संपायला लागणारा काळ म्हणजे अर्धायुष्य. इरिडियम-१९२ चं सुमारे ७४ दिवस.

(दृश्य : खोलीच्या भिंतीवर चिकटवलेला तक्ता.)

हा तक्ता बघा, कडेला काळ्या बोटांचे ठसे उमटलेत. सोर्स आला तेव्हा ४० क्युरी. क्युरी हे सोर्सची ताकद मोजायचं माप. ७४ दिवसांनी २०. आणखी ७४ दिवसांनी १०. तेच कास्टिंग, तेच अंतर, तीच फिल्म. पण जिथं दहा मिनिटांत काम व्हायचं, तिथं आधी वीस, मग चाळीस मिनिटं लागतात. ऑपरेटर तारीख बघतो, तक्त्यावर बोट ठेवतो, वेळ लावतो. पुस्तकातला घातांकी आलेख तो रोज वापरतो, नाव न घेता.

(दृश्य : डार्करूम. ट्रेमध्ये उमटणारी फिल्म.)

या सगळ्याचा शोधही फिल्मच्याच भावंडानं लावला. १८९६ साली पॅरिसमध्ये आंरी बेक्वेरेलनं युरेनियमचे क्षार काळ्या कागदात गुंडाळलेल्या फोटोच्या काचेवर ठेवले होते. ऊन नव्हतं, तरी काच काळवंडली. दोन वर्षांनी मारी आणि पिएर क्यूरींनी पोलोनियम आणि रेडियम शोधले.

(दृश्य : काचेची पेटी, खाली ड्राय आइस. अंधारात पांढऱ्या रेघा.)

ही मेघपेटी. अल्कोहोलची वाफ, तळाशी बर्फाहून थंड ड्राय आइस आणि मध्ये जुन्या गॅसबत्तीच्या मँटलचा तुकडा. वरातीत डोक्यावर मिरवायची तीच बत्ती. जुन्या मँटलमध्ये थोरियम असतं, अर्धायुष्य सुमारे १,४०० कोटी वर्षं. आखूड, जाड रेघ दिसते ती अल्फा कणाची. त्याला साधा कागदही अडवतो. बारीक, वेडीवाकडी जाते ती बीटाची. रेघ उमटली, की एक अणू आत्ताच बदलला.

(दृश्य : सकाळ. ट्रकमध्ये चढणारी कास्टिंग्ज.)

“त्याला हात लावू नको रं, किरणं लागल्यात,” असं फाउंड्रीत अजून ऐकू येतं. लागत नाहीत. सोर्स पेटीत परतला की किरण थांबले. या गॅमा किरणांनी लोखंड किरणोत्सारी होत नाही. धोका आहे तो सोर्सचा. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरीत भंगारातून कोबाल्ट-६० बाहेर आलं आणि एक माणूस दगावला. म्हणून परवाना, अंगावर किती किरण पडले ते मोजणारा छातीवरचा बिल्ला, मीटर आणि प्रत्येक सोर्सची नोंद.

दहा अर्धायुष्यं, म्हणजे दोन वर्षं उलटली की सोर्समध्ये हजारावा हिस्सा उरतो. तोवर कुणी थांबत नाही. एक्स्पोजरचा, म्हणजे फिल्मवर किरण पाडायचा, वेळ परवडेनासा झाला की तो कुलपासकट परत जातो, नवा येतो आणि भिंतीवर नवा तक्ता चिकटवला जातो. पहिला आकडा पुन्हा ४०.