झोपेतले श्वास मोजा: हृदयविकार असलेल्या म्हाताऱ्या कुत्र्याची घरची देखभाल

(दादर इथे श्वानपालकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

नमस्कार. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी दहा-बारा वर्षांचा पॉमेरेनियन किंवा डॅशहाउंड आहे, आणि लस टोचायला नेल्यावर कधीतरी डॉक्टर म्हणाले आहेत, "छातीत मर्मर ऐकू येतेय," म्हणजे ठोक्यांच्या मध्ये एक जादा फुसफुसता आवाज. लहान चणीच्या म्हाताऱ्या कुत्र्यांत याचं बहुतेक वेळा एकच कारण असतं. हृदयाच्या डाव्या बाजूची मायट्रल झडप जाड होते, नीट मिटत नाही, आणि प्रत्येक ठोक्याला थोडं रक्त उलटं वरच्या कप्प्यात जातं. तो कप्पा फुगत जातो, मागे दाब वाढतो आणि शेवटी फुप्फुसांत पाणी उतरतं. मर्मर ऐकू आल्यापासून पाणी होईपर्यंत कित्येक वर्षं जाऊ शकतात. अनेक कुत्र्यांना ते कधीच होत नाही. तेव्हा मर्मर म्हटल्यावर हातपाय गाळू नका, पण एक्स-रे आणि इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, हेही टाळू नका. हृदयाचा आकार पुरेसा वाढलेला दिसला, तर पिमोबेंडन हे औषध लक्षणं दिसण्याआधीच सुरू करतात. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या 'एपिक' अभ्यासात या औषधामुळे आजाराचा पुढचा टप्पा सुमारे १५ महिने लांबला. आकार वाढलेला नसेल तर सहसा औषध लागत नाही, ठरावीक काळाने तपासणी लागते.

आता आजची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. फुप्फुसांत पाणी साचू लागलं की झोपेतल्या श्वासाचा वेग वाढतो, आणि हे बहुतेकदा धाप दिसण्याआधी घडतं. हे क्लिनिकमध्ये कळत नाही, कारण तिथे कुत्रा घाबरलेला असतो. हे घरीच कळतं. कुत्रा गाढ झोपला की छाती वर गेली आणि खाली आली, हा एक श्वास धरायचा. ३० सेकंद मोजायचं आणि दुप्पट करायचं. पाय थरथरत असतील, स्वप्नात भुंकत असेल, तर थांबा. जीभ बाहेर काढून धापतोय तेव्हाचा आकडा उपयोगाचा नाही. उकाड्यात आधी पंखा लावा, मग मोजा. रोज एकदा मोजून कॅलेंडरवर लिहा. निरोगी आकडा मिनिटाला ३० च्या खाली असतो. पण तुमच्या कुत्र्याचा नेहमीचा आकडा १८ असेल आणि तो दोन-तीन दिवस २८ वर राहिला, तर ३० ची वाट न पाहता डॉक्टरांना फोन करा.

पाणी झाल्यावर फ्युरोसेमाइड सुरू होतं, म्हणजे आपलं लॅसिक्स, लघवीवाटे पाणी काढणारं औषध. पिमोबेंडन साधारणपणे किलोला ०.२५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, खाण्याच्या तासभर आधी देतात. १० किलोच्या कुत्र्याला एका वेळी २.५ मिलिग्रॅम. फ्युरोसेमाइडचा डोस मात्र कुत्र्यागणिक बदलतो, तो डॉक्टरांनीच ठरवायचा. गोळी दिल्यावर तासा-दोन तासांत भरपूर लघवी होते. म्हणून रात्रीचा डोस आठच्या आत द्या आणि झोपण्याआधी खाली फिरवून आणा. घरात लघवी होते म्हणून पाण्याचं भांडं उचलून ठेवतात, ते कधीही करू नका. त्याने अंगातलं पाणी कमी होतं आणि मूत्रपिंडांवर ताण येतो. औषध सुरू केल्यावर एक-दोन आठवड्यांनी रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचं काम दाखवणारा आकडा) आणि पोटॅशियम तपासा. डोस चुकला तर पुढच्या वेळी दुप्पट देऊ नका.

गुडघे दुखतात म्हणून मेलोक्सिकॅमसारखी वेदनाशामकं परस्पर दिली जातात. लॅसिक्स आणि बेनाझेप्रिल (रक्तवाहिन्या सैल करणारं हृदयाचं औषध) चालू असताना त्यांच्यामुळे मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. खोकल्याबाबतही गोंधळ होतो. मोठं झालेलं हृदय श्वासनलिकेच्या फांदीवर दाब देतं, त्याचा खोकला येतो. पॉमेरेनियनमध्ये अनेकदा मूळ नलिकाच खचलेली असते, त्याचाही येतो. प्रत्येक खोकल्याला लॅसिक्स वाढवलं तर खोकला जात नाही, कुत्रा मात्र कोरडा पडतो. खोकला वाढला आणि झोपेतले श्वास २० च आहेत, तर कारण बहुधा पाणी नाही. गळ्यातला पट्टा काढा, हार्नेस वापरा.

खाण्यात मीठ कमी, प्रथिनं मात्र कमी नकोत. या आजारात पाठीचे, मांड्यांचे स्नायू झिजतात. आपल्याकडे मीठ जातं ते सुकट, जवळा, सुके बोंबील, खारी, पाव आणि चीजमधून. गोळी चीजमध्ये लपवण्याऐवजी बिनमिठाच्या उकडलेल्या चिकनमध्ये द्या. दर आठवड्याला वजन करा. पोट फुगून वजन वाढत असेल, तर ते चरबीचं नसून पाण्याचं असू शकतं.

मुंबईत थर्मामीटरपेक्षा दमटपणा जास्त छळतो. कुत्रा धापून अंग थंड करतो, आणि दमट हवेत ते नीट जमत नाही. मे आणि ऑक्टोबरमध्ये सकाळी सातच्या आत फिरवा, वेग त्याला ठरवू द्या. लिफ्ट बंद असेल तर उचलून न्या. गणपतीतल्या ढोल-ताशाच्या आणि दिवाळीतल्या फटाक्यांच्या वेळी आतल्या खोलीत, खिडक्या बंद करून ठेवा. डॉक्टरांना आधीच विचारून शांत करणारं औषध घेऊन ठेवा. डासांतून हृदयात जंत होतात, त्यामुळे त्याची प्रतिबंधक गोळी पावसाळ्यापुरती न देता वर्षभर चालू ठेवा.

श्वास ४० च्या वर गेले, मान ताणून आणि कोपरं बाहेर काढून उभा आहे, आडवा होत नाही, हिरड्या निळसर किंवा पांढुरक्या दिसताहेत, अशा वेळी रात्र असली तरी निघायचं. जवळचं रात्रभर उघडं असणारं आणि ऑक्सिजन असणारं रुग्णालय आजच शोधून ठेवा, तिथवर रात्री किती वेळ लागतो तेही पाहून ठेवा. टॅक्सीवाल्याला कुत्रा आहे हे आधी सांगा. नेताना छाती दाबून धरू नका, तोंडात पाणी ओतू नका, पाठीवर झोपवू नका. गाडीत एसी लावा किंवा काचा उघड्या ठेवा. लॅसिक्सचा जादा डोस द्यायचा का आणि किती, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. शेवटचा इको रिपोर्ट, चालू औषधांची यादी आणि श्वासांच्या आकड्यांचा फोटो मोबाइलमध्ये असू द्या. रात्रपाळीच्या डॉक्टरांनी तुमचा कुत्रा आधी पाहिलेला नसतो.