खाल्लेलं अंगी लागत नाही तेव्हा

"पोर खास, पन आंगले लागत नही." पोर खातं, पण अंगी लागत नाही, ही खान्देशातल्या आईची तक्रार. जंतांचं औषध होतं, रक्तवाढीच्या गोळ्या होतात, सोनोग्राफीही होते. आतड्याचा तुकडा तपासायचं मात्र राहून जातं.

तोंडातून आत जाणारी ही दुर्बीण पाहा. घसा, जठर, मग लहान आतड्याची सुरुवात, म्हणजे ड्युओडेनम. इथल्या घड्या ठसठशीत हव्यात. पडद्यावर त्या बसलेल्या दिसताहेत, कडा दातेरी. पण घड्या चांगल्या दिसल्या तरी तुकडा घ्यावाच. चिमटा पुढे सरकतो, ज्वारीच्या दाण्याहून लहान तुकडा घेऊन येतो, पुन्हा जातो. खालून चार, वरच्या फुगीर भागातून एक-दोन. आजार कुठे असतो, कुठे नसतो. एका तुकड्यावर भागत नाही.

१९५७ साली असा तुकडा घेणारी, डॉ. विल्यम क्रॉस्बींची कॅप्सूल आली. नळीला जोडलेली ती कॅप्सूल गिळायची, ती आतड्यात पोचेपर्यंत थांबायचं. आज हेच काम काही मिनिटांचं.

आता प्रयोगशाळा. तुकडा टिकवणाऱ्या फॉर्मॅलिन द्रावणातून तो मेणात जातो, आणि तिथे तंत्रज्ञाचा हात मोलाचा. तुकडा उभाच बसायला हवा. तिरका बसला, तर निरोगी व्हिलायही, म्हणजे आतड्याच्या अस्तरावरचे बोटांसारखे बारीक उंचवटेही, आखूड दिसतात. आमचा कॅमेरा या टेबलापाशी रेंगाळला तो याचसाठी.

सूक्ष्मदर्शकाखाली डावीकडे निरोगी आतडं: उंच व्हिलाय, अन्नरस शोषून घेणारे. उजवीकडे सगळं सपाट, वरच्या थरात लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींची गर्दी. हा सीलिअ‍ॅक असू शकतो, गव्हातल्या ग्लूटेन या प्रथिनामुळे होणारा आजार. ट्रॉपिकल स्प्रू या उष्ण प्रदेशातल्या आतड्याच्या आजारातही व्हिलाय झिजतात, म्हणून रक्तातली टीटीजी ही प्रतिपिंडांची तपासणी जोडीला लागते. जिआर्डिया हा आतड्यातला सूक्ष्म परजीवी तर कधी काचेवर थेट सापडतो.

रावेर-यावलच्या या केळीबागा. १९२४ मध्ये अमेरिकेत डॉ. सिडनी हास सीलिअ‍ॅकच्या मुलांना केळी खाऊ घालत, मुलं सुधारत, आणि श्रेय केळ्यांना मिळे. खरं कारण होतं ताटातून गेलेला गहू. ते पुढे नेदरलँड्सच्या विलेम डिके यांनी दाखवून दिलं.

सीलिअ‍ॅक ठरला की गहू आणि जव जन्मभर बंद. बिट्टी नाही, मांडे नाहीत. कळण्याची भाकरी चालते, फक्त गिरणीत दळण गव्हावर टाकायचं नाही.

पण तपासणी होईपर्यंत गहू सोडू नका. आधीच सोडला, तर व्हिलाय भरून यायला लागतात आणि तुकड्यात आजार सापडत नाही.