राणी की वाव : लेझरने टिपलेली बारव

(दृश्य : पूर्वेच्या प्रवेशापासून पायऱ्या उतरणारा कॅमेरा)

गुजरातमधील पाटण येथील ही बारव अकराव्या शतकातील असून, सोलंकी राजा पहिला भीमदेव याच्या स्मरणार्थ राणी उदयमतीने ती बांधवली, असे परंपरा सांगते. सरस्वती नदीच्या पुरांनी आणलेल्या गाळाखाली ती शतकानुशतके बुजून गेली होती. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने तो गाळ उपसल्यावर, दगडावरच्या कोरीव रेघा आजही ठसठशीत असलेली ही शिल्पे उजेडात आली. गाळाने जे जपले, ते आता ऊन, पाऊस आणि दमट हवा यांच्या थेट माऱ्यात उभे आहे.

(दृश्य : तिपाईवर फिरणारा स्कॅनर)

२०११ साली पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या सहकार्याने ‘स्कॉटिश टेन’ या वारसास्थळांच्या डिजिटल नोंदीच्या स्कॉटलंडमधील प्रकल्पाच्या चमूने या बारवेची लेझर नोंद केली. स्कॅनरमधून निघालेला किरण दगडावर आदळून परततो, त्यावरून अंतर मिळते आणि अंतराला कोनाची जोड दिली की त्या बिंदूचे त्रिमित स्थान निश्चित होते. असे हजारो बिंदू एका सेकंदात टिपले जातात.

(दृश्य : महिषासुरमर्दिनीचे शिल्प, जवळून)

मात्र किरण सरळ रेषेतच जातो. देवीचे हात भिंतीपासून इतके उठावदार कोरलेले आहेत, की केवळ समोरून घेतलेल्या नोंदीत त्यांच्या मागे काळी पोकळी उरते. ती भरून काढण्यासाठी तिपाई डावीकडे, उजवीकडे, वरच्या टप्प्यावर आणि खालच्या पायरीवर पुन्हापुन्हा मांडावी लागते. स्तंभांचे मंडप मध्ये येत असल्याने प्रत्येक टप्प्यावर जागा नव्याने शोधावी लागते आणि मग सामाईक खुणांच्या आधारे या सर्व नोंदी एकमेकींशी जुळवाव्या लागतात. या चिकाटीच्या कामाचे मोल यंत्राच्या किमतीहून अधिक आहे.

(दृश्य : पॉइंट क्लाउडमधील, म्हणजे टिपलेल्या सर्व बिंदूंच्या त्रिमित चित्रातील, उभा छेद)

सुमारे ६४ मीटर लांब, २० मीटर रुंद आणि २७ मीटर खोल असलेली ही वास्तू, भोवतालची माती बाजूला सारून, पश्चिमेच्या विहिरीपर्यंत एका नजरेत पाहता येते ती केवळ या छेदातच. भिंतीचा फुगवटा किंवा खांबाचा कल वाढतो आहे का, हे पुढच्या नोंदीशी तुलना करून कळते. कोणता दगड मूळचा आणि कोणता नंतर बसवलेला, हे मात्र जाणकारांनाच ठरवावे लागते.

(दृश्य : भुजचा आईना महाल)

२६ जानेवारी २००१ च्या भूकंपात गुजरातमधीलच या महालाची मोठी हानी झाली. वास्तू उभी असतानाच तिची नोंद का घ्यायला हवी, हे अशा हानीतून कळते.

राणी की वाव २०१४ साली जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाली. साताऱ्याजवळच्या लिंब गावातील बारा मोटांच्या विहिरीसारख्या आपल्याकडील वास्तूंचीही अशी नोंद, त्यांचे दगड जागेवर असतानाच व्हायला हवी आणि ठरावीक काळाने पुन्हा घेतली जायला हवी.