गाडीत गाणं ऐकायचं तर

श्रोतेहो, नमस्कार.

हेडफोन घ्यायचा म्हटलं की पहिला प्रश्न येतो, कोणत्या कंपनीचा घेऊ? दुसरा, माझ्या बजेटमध्ये कोणता बसेल? दोन्ही प्रश्न रास्तच आहेत. पण मुंबईत राहणाऱ्या माणसानं त्याआधी एक गोष्ट ठरवावी, की आपण गाणं ऐकणार कुठे? आपल्यापैकी कितीतरी जणांचं गाणं ऐकणं घरी होतच नाही. ते होतं विरार फास्टमध्ये, कल्याण लोकलमध्ये, पनवेलच्या गाडीत, नाहीतर बेस्टच्या बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली तर. दुकानाच्या थंडगार शांततेत जो हेडफोन झकास वाटतो, तो दादर सुटल्यावर तसाच वाटेल याची काही खात्री नाही.

याचं कारण समजून घेऊ. रुळांचा खडखडाट आपल्याला ऐकू येतो, पण त्याच्या तळाशी एक जाड, सलग घरघर चालू असते. ती घरघर गाण्यातले खालचे स्वर झाकून टाकते. तंबोऱ्याचंच उदाहरण घ्या. पुरुष गायकाचा षड्ज, म्हणजे सा, पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीचा, काळी एक धरला, तर तो सुमारे १३९ हर्ट्‌झचा असतो, म्हणजे सेकंदाला तेवढी कंपनं, आणि तंबोऱ्यातली खर्जाची तार त्याच्या बरोबर निम्म्यावर, ६९ हर्ट्‌झच्या आसपास. धावत्या गाडीत पहिला बळी जातो तो या खर्जाच्या पायाचा, आणि त्याच्याबरोबर डग्ग्याच्या घुमाऱ्याचा. गाणं पोकळ वाटायला लागतं. मग आपला अंगठा आपोआप आवाजाच्या बटणावर जातो.

मला खरी काळजी इथे वाटते. जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलेली मर्यादा अशी आहे: ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास. त्यानंतर दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होत जाते. म्हणजे ९० डेसिबलला आठवड्याचे जेमतेम चार तास उरतात. आता आपला हिशेब मांडा. दीड तास जायला, दीड तास यायला. सोमवारचे तीन तास झाले आणि मंगळवारी सकाळी ऑफिसला पोचायच्या आत आठवड्याचा वाटा संपला. आतल्या कानात आवाज टिपणाऱ्या ज्या सूक्ष्म केसांच्या पेशी असतात, त्या एकदा मेल्या की माणसाच्या शरीरात पुन्हा उगवत नाहीत. रात्री अंथरुणाला पाठ टेकल्यावर कानात बारीक शिट्टी वाजत असेल, तर ती अंगावर काढू नका. कानाच्या डॉक्टरांना दाखवा.

म्हणून गाडीसाठी हेडफोन निवडताना मी सगळ्यात वर ठेवते ते कानात नीट बसणं. बाहेरचा गोंगाट जितका बाहेर राहील, तितक्या कमी आवाजात गाणं पुरतं. यासाठी कानाच्या आत बसणारे, टोकाला सिलिकॉनचं रबर असलेले इअरफोन सोयीचे. खोक्यात लहान, मध्यम, मोठी अशी रबरं येतात. बहुतेक लोक जी आधीच लावलेली असतात तीच वापरतात आणि बाकीची खोक्यातच राहतात. तसं करू नका. आपले दोन कानसुद्धा सारख्या मापाचे असतीलच असं नाही. एका कानाला मध्यम, दुसऱ्याला मोठं, असंही चालतं.

बसलंय की नाही हे ओळखायची पद्धत सोपी आहे. गाणं चालू ठेवा आणि इअरफोन बोटानं हलकेच आत दाबा. दाबल्यावर एकदम डग्गा भरून आला, तर याचा अर्थ आधी फट राहिली होती आणि खालचे स्वर तिथून निसटत होते. रबर बदला. इअरफोन घालताना दुसऱ्या हातानं कानाची पाळी वर आणि मागे ओढली, तर तो सहज आत जातो. हजार रुपयांचा इअरफोन नीट बसला, तर फट राहिलेल्या दहा हजारांच्या इअरफोनपेक्षा तो गाडीत जास्त गाणं ऐकवतो, हे मी अगदी ठामपणे सांगते.

एवढं मात्र पाळा. कान असे बंद करून रुळांच्या किंवा रस्त्याच्या जवळ जायचं नाही. उतरताना दोन्ही इअरफोन काढून खिशात घाला. मोटरमनचा हॉर्न आपल्या जिवासाठी असतो.

आता दुकानात काय ऐकून बघायचं? लॅमिंग्टन रोडला गेलात किंवा मॉलमधल्या मोठ्या दुकानात, दुकानदार त्याच्या फोनवरचं दणदणीत गाणं लावून देईल. नम्रपणे नको म्हणा. आपल्या फोनमधलं, आपल्याला पाठ असलेलं गाणं लावा. माझ्या मते अभंगासारखी दुसरी कसोटी नाही. वर टाळ आणि चिपळ्या, खाली पखवाज, मधोमध गाणाऱ्याचा गळा, बाजूला पेटी. सगळी सप्तकं एकाच रचनेत तपासून होतात. टाळ खणखणीत वाजायला हवेत. ते चरचरले, किंवा ‘विठ्ठल’ म्हणताना काही नाही पण ‘संत’मधला ‘स’ कानात टोचला, तर समजा वरचा भाग जास्त चढवलाय. तासाभरात कान शिणतील. पखवाजाच्या थापेनं गळा झाकला जात असेल, तर बेस गरजेपेक्षा फुगवलाय. स्वस्त मालात हे फार होतं, कारण पहिल्या दोन मिनिटांत फुगलेला बेस गिऱ्हाइकाला आवडतो. आणि पेटी गळ्याच्या मागोमाग येते, तेव्हा दोन्ही वेगळे ऐकू येतात का, तेही बघा. गळा आणि पेटीचा लगदा होत असेल तर सरळ पुढचा नग मागा.

कानाच्या आत जाणारी वस्तू दुकानदार सहसा घालून बघू देत नाहीत आणि आरोग्याच्या दृष्टीनं ते योग्यच आहे. नमुन्याचा नग मिळाला तर रबर पुसून घ्या. ऑनलाइन घेणार असाल तर परत घेण्याची अट आधी वाचा, आणि पावती जपून ठेवा.

खोक्यावरच्या आकड्यांना मी फार किंमत देत नाही. ‘२० ते २०,००० हर्ट्‌झ’ हे जवळजवळ प्रत्येक खोक्यावर असतं. त्या पट्ट्यात आवाज कुठे चढतो, कुठे पडतो, हे त्यातून कळत नाही. एक आकडा मात्र बघाच, तो ओहमचा, म्हणजे हेडफोन विजेला किती अडथळा करतो त्याचा. फोनला थेट लावायचा असेल तर १६ ते ३२ ओहमचा घ्या. स्टुडिओसाठी बनवलेले २५० ओहमचे हेडफोन फोनवर बहुधा मिणमिणतच वाजतात.

वायरवाला की ब्लूटूथ? शांतपणे बसून ऐकणार असाल तर वायरवाला. त्याच पैशात आवाज बहुधा उजवा मिळतो, चार्जिंगची कटकट नाही. फोनला जॅक नसेल तर छोटी अडॅप्टरची वायर लागते. पण सकाळी साडेआठला बोरिवलीला चढणाऱ्याला वायर झेपत नाही. ती कुणाच्या तरी बॅगेत अडकते आणि पिनपाशी तुटते. ब्लूटूथमध्ये ते होत नाही, पण सुटे इअरबड दाराच्या धक्काबुक्कीत कानातून उडाले की फलाट आणि गाडीच्या फटीतून थेट रुळांवर. ते उचलायला कुणीही खाली उतरू नये. म्हणून रोज दाराशी उभं राहणाऱ्यांना मी मानेभोवतीचा पट्टा असलेला ब्लूटूथ सुचवीन. एक इअरफोन निसटला तरी गळ्यात लोंबत राहतो. ब्लूटूथवर आवाज कोणत्या पद्धतीनं पाठवला जातो, एसबीसी, एएसी की एलडॅक, याची चर्चा बरीच चालते. ती पद्धत फोन आणि हेडफोन दोघांनाही येत असेल तरच तिचा उपयोग. आणि गर्दीच्या डब्यात, जिथे शेकडो फोन एकाच लहरींवर बोलत असतात, तिथे आवाज न तुटणं हेच मोठं.

गोंगाट कमी करणारे, नॉइज कॅन्सलिंगवाले हेडफोन आता बऱ्याच जणांच्या आवाक्यात आलेत. त्यांतला छोटा माइक बाहेरचा आवाज टिपतो आणि यंत्रणा त्याची उलटी लहर कानात सोडते. दोन्ही एकमेकींना मारतात. बोस या ध्वनियंत्रांच्या कंपनीचे संस्थापक अमर बोस यांना अशा हेडफोनची कल्पना १९७८ साली झुरिकहून बोस्टनला जाताना विमानात सुचली. सलग घरघरीवर ही युक्ती उत्तम चालते. एसी लोकल, भुयारी मेट्रो, विमान इथे पैसे वसूल. शेजारच्यांच्या गप्पा आणि रिक्षाचा हॉर्न मात्र त्यातूनही येतात, कारण ते आवाज चढे आणि अचानक असतात.

घरी ऐकण्यासाठी वेगळा विचार करा. परवडत असेल तर कानावर हलका टेकणारा, फोमची गादी असलेला, उघडा हेडफोन घ्या. कॉसचा पोर्टा प्रो १९८४ पासून आजही बनतो, तो याच जातीचा. बंद हेडफोनमध्ये जो कोंडलेपणा जाणवतो तो यात नाही. मैफल जरा लांबवर, मोकळ्या जागेत बसल्यासारखी वाटते. आईनं हाक मारली तर ऐकू येते. पण वन रूम किचनमध्ये शेजारी कुणी झोपलं असेल तर हा चालणार नाही, त्यातून आवाज बाहेर सांडतो. घरातल्या ज्येष्ठांसाठीही मी असाच हलका हेडफोन बघेन, शक्यतो वायरवर आवाज कमीजास्त करायचं चाक असलेला. इवलेसे इअरबड आणि त्यांची टचची बटणं त्यांना त्रासाची होतात.

शेवटी पावसाळ्याचं. आपल्याकडच्या दमट हवेत आणि घामात निदान आयपीएक्स ४ लिहिलेला नग घ्या, म्हणजे चारही बाजूंनी उडणारे शिंतोडे तो सोसतो. मुसळधार पावसात तोही पिशवीतच बरा. ओल्या कानात इअरफोन घालू नका, कानात बुरशी धरते. आणि एका बाजूचा आवाज हळूहळू बसायला लागला, तर फेकायची घाई करू नका. रबर काढा, खालची बारीक जाळी उजेडात धरा. बहुतेक वेळा तिथे कानातला मळ साचलेला दिसेल. जाळीचं तोंड खाली करून कोरड्या, मऊ टूथब्रशनं हलकेच झाडा. पाणी नको, टाचणी तर अजिबात नको. रबरं साबणाच्या पाण्यात धुऊन, पूर्ण वाळवून परत चढवा.

नमस्कार.